संकेतस्थळाची चाचणी : साधनाची मांडणी चुकली तर निकालही चुकतो

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या खोऱ्यातील डोंगररांगांत वसलेले माहूर हे रेणुकामातेचे शक्तिपीठ आणि दत्तक्षेत्र म्हणून सर्वपरिचित आहे. जिल्ह्याचे ठिकाण येथून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. दाखले, सातबारा, शिष्यवृत्ती, परीक्षा यांची कामे संकेतस्थळांवर आल्यापासून हे अंतर निदान कागदावर तरी कमी झाले. तालुक्यातील तांड्यांवरचे आणि पोडांवरचे विद्यार्थी आता गावच्या सेवा केंद्रात बसून अर्ज भरतात.

समजा, अशाच एका विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीच्या अर्जात आपली जन्मतारीख १५ जून २००८ अशी निवडली. पडद्यावर ती तशीच दिसली, अर्ज दाखल झाला आणि पंधरवड्याने तो फेटाळला गेला. नोंदीत तारीख १४ जून आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १५ जून, हे त्याचे कारण. चूक विद्यार्थ्याची नाही, केंद्रचालकाचीही नाही. संकेतस्थळ तयार करणाऱ्यांकडे विचारणा केली तर ते चाचणीचा अहवाल दाखवतील आणि त्यात जन्मतारखेची चाचणी उत्तीर्ण असेल. तो अहवालही खोटा नसतो. चाचणी घेणारा संगणक ज्या घड्याळावर चालत होता ते घड्याळ माहूरचे नव्हते, इतकेच.

प्रसंग कल्पित असला तरी त्यातील दोष संगणक क्षेत्रात जुना आणि परिचित आहे. संकेतस्थळ तपासणारे साधन हेही अखेर सॉफ्टवेअरच असते. त्याच्या सेटिंग्ज कोणत्या आहेत आणि ते इतर कोणकोणत्या सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे, या दोन गोष्टी नेमक्या लिहून ठेवलेल्या नसतील तर चाचणीच्या निकालाला अर्थ उरत नाही. या दोन्हींचा सांभाळ कसा करायचा, याची ही ओळख.

साधनांची वाटचाल

संकेतस्थळाची स्वयंचलित चाचणी म्हणजे माणूस जे करतो तेच संगणकाकडून करून घेणे. साधन ब्राऊझर उघडते, रकाने भरते, बटण दाबते आणि अपेक्षित मजकूर पडद्यावर आला की नाही ते पाहते. माणसाला दोन तास लागणारे हे काम साधन काही मिनिटांत, दिवसातून कितीही वेळा करते.

या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध नाव सेलेनियमचे. २००४ साली शिकागो येथे थॉटवर्क्स या कंपनीत काम करणाऱ्या जेसन हगिन्स यांनी कर्मचाऱ्यांचा वेळ आणि खर्च नोंदवणारी कंपनीतील एक प्रणाली तपासण्यासाठी ते तयार केले. त्या काळी या बाजारात मर्क्युरी या कंपनीच्या साधनांचा दबदबा होता. मर्क्युरी म्हणजे पारा आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा, असा विनोद या नावामागे सांगितला जातो. पुढे सायमन स्टुअर्ट यांनी तयार केलेले वेबड्रायव्हर हे साधन त्यात मिसळले आणि २०११ मध्ये सेलेनियमची दुसरी मोठी आवृत्ती आली. ब्राऊझरला आज्ञा देण्याची वेबड्रायव्हरची पद्धत जून २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने अधिकृत मानक म्हणून स्वीकारली. दरम्यान २०१७ मध्ये गूगलचे पपेटियर आले, २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्लेराईट आले. सायप्रेसनेही आपला वेगळा वापरकर्ता वर्ग मिळवला.

ही बहुतेक साधने मुक्त स्वरूपाची असून ती विनाशुल्क उतरवून घेता येतात. म्हणूनच नांदेडमधील अभियांत्रिकीचा विद्यार्थी आणि पुण्याच्या हिंजवडीतील अभियंता एकाच साधनावर काम करू शकतात. मात्र दोघांच्या संगणकावर ते साधन एकसारखे चालेलच, याची हमी साधन देत नाही. ती हमी मांडणीतून मिळवावी लागते.

एकावर एक रचलेले थर

मराठी वाचकाला सॉफ्टवेअरमधील परावलंबन समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. इंटरनेटच्या सुरुवातीच्या वर्षांत मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर गेले की आधी त्या वृत्तपत्राचा फॉण्ट उतरवून घ्यावा लागे. तो संगणकात नसेल तर बातमीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांगोळी दिसे. बातमी तीच, संकेतस्थळ तेच. पण वाचकाच्या संगणकातील एक घटक कमी पडला की सारे व्यर्थ. युनिकोडचा प्रसार झाल्यावर ती अडचण सरली, तत्त्व मात्र कायम आहे.

चाचणीचे साधन असेच थरांवर उभे असते. तळाशी संगणकाची कार्यप्रणाली आणि तिच्यातील फॉण्ट. त्यावर जावा, पायथन किंवा नोड यांसारखी भाषेची यंत्रणा. त्यावर प्रत्यक्ष चाचणीचे साधन आणि त्याला लागणारी लहानमोठी पॅकेजेस. बाजूला ब्राऊझर आणि त्याच्याशी संवाद साधणारा ड्रायव्हर. यांतील प्रत्येकाची स्वतःची आवृत्ती असते आणि प्रत्येक जण आपापल्या वेळापत्रकाने बदलत असतो.

प्रकल्पात दहा पॅकेजेस नोंदवलेली असली तरी प्रत्यक्षात काहीशे उतरतात, कारण प्रत्येक पॅकेज पुढे आणखी काहींवर अवलंबून असते. हे आतले अवलंबन किती नाजूक असू शकते, हे २२ मार्च २०१६ रोजी जगाने पाहिले. नावाच्या वादातून अझर कोचुलू या प्रोग्रॅमरने आपली पॅकेजेस एनपीएम या सार्वजनिक भांडारातून काढून घेतली. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाचे अवघ्या ११ ओळींचे एक पॅकेज होते. मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणे एवढेच त्याचे काम. परंतु बेबलसारखी बलाढ्य साधने अप्रत्यक्षपणे त्यावर अवलंबून होती आणि जगभरातील असंख्य प्रकल्पांची जुळणी बंद पडली. सुमारे दोन तासांत ते पॅकेज पुन्हा उपलब्ध करून देण्यात आले. आपण ज्याचे नावही ऐकलेले नाही, अशा घटकावर आपले काम उभे असू शकते, हा धडा त्या दोन तासांनी दिला.

आवृत्तीचे तीन आकडे

सॉफ्टवेअरची आवृत्ती बहुधा तीन आकड्यांत लिहिली जाते. उदाहरणार्थ २.४.१. पहिला आकडा बदलला तर जुन्या वापरात मोडतोड होऊ शकते, असा इशारा असतो. दुसरा बदलला तर नवी सोय आली पण जुने चालू राहील, असे आश्वासन असते. तिसरा बदलला तर केवळ दोषदुरुस्ती झाली, असे समजावे. हा संकेत आहे, कायदा नव्हे. दोषदुरुस्ती म्हणून केलेल्या बदलानेही दुसऱ्याची चाचणी कोलमडल्याची उदाहरणे विपुल आहेत.

नोडवर आधारित प्रकल्पात लागणाऱ्या पॅकेजेसची यादी 'पॅकेज.जेसन' या फाईलमध्ये असते. तेथे आवृत्तीच्या आधी ^ हे चिन्ह असेल तर दुसरा व तिसरा आकडा पुढे सरकण्यास मुभा असते. ~ हे चिन्ह असेल तर केवळ तिसरा सरकू शकतो. कोणतेच चिन्ह नसेल तर तीच आवृत्ती उतरते. नवख्यांचा गोंधळ येथेच होतो. सोमवारी एका अभियंत्याने साधन बसवले आणि गुरुवारी दुसऱ्याने तेच साधन त्याच यादीवरून बसवले, तरी मधल्या काळात नवी आवृत्ती आलेली असल्याने दोघांकडची साधने भिन्न असतात.

यावर उपाय म्हणजे कुलूप-फाईल. प्रत्यक्षात कोणते पॅकेज कोणत्या आवृत्तीचे उतरले, त्याच्या आतले घटक कोणते, याची संपूर्ण नोंद तीत असते. यार्न या साधनाने २०१६ मध्ये ही पद्धत रुळवली आणि २०१७ मध्ये एनपीएमच्या पाचव्या आवृत्तीबरोबर 'पॅकेज-लॉक.जेसन' ही फाईल आपोआप तयार होऊ लागली. ही फाईल अनेक जण कचरा समजून प्रकल्पाच्या भांडारात ठेवत नाहीत. ती ठेवणे अत्यावश्यक आहे.

फाईल ठेवली तरी ती पाळली जाते का, हा पुढचा प्रश्न. 'एनपीएम इन्स्टॉल' ही नेहमीची आज्ञा गरज वाटल्यास कुलूप-फाईलमध्ये बदल करू शकते. २०१८ मध्ये आलेली 'एनपीएम सीआय' ही आज्ञा तसे करत नाही. जुनी पॅकेजेस पूर्ण काढून ती फाईलप्रमाणेच सर्व काही नव्याने बसवते आणि दोन फाईलींत तफावत आढळल्यास काम थांबवते. चाचणीच्या सर्व्हरवर हीच आज्ञा वापरणे शहाणपणाचे. पायथनमध्ये 'रिक्वायरमेंट्स' फाईलमध्ये दोन बरोबरची चिन्हे देऊन आवृत्ती बांधता येते. जावामध्ये मेव्हनच्या 'पॉम' फाईलमध्ये नेमकी आवृत्ती लिहिण्याची पद्धत आहे. साधने वेगळी असली तरी नियम एकच. आज बसवलेली जुळणी सहा महिन्यांनी जशीच्या तशी पुन्हा उभी करता आली पाहिजे.

ब्राऊझर आणि ड्रायव्हरची जोडी

पॅकेजेस बांधून ठेवली तरी ब्राऊझर मोकळा सुटलेला असतो. तो रात्रीत स्वतःला अद्ययावत करतो आणि सकाळी चाचण्या धडाधड नापास होतात. जून २०१६ मध्ये फायरफॉक्सची ४७ वी आवृत्ती आली तेव्हा सेलेनियमच्या जुन्या ड्रायव्हरवर चालणाऱ्या चाचण्या ठप्प झाल्या. ४७.०.१ या दुरुस्तीने तात्पुरता दिलासा मिळाला. ४८ व्या आवृत्तीपासून मात्र जुना मार्ग बंद होऊन 'गेकोड्रायव्हर' हा स्वतंत्र ड्रायव्हर घ्यावा लागला.

क्रोमची कथा फार वेगळी नाही. २०१९ च्या सुरुवातीपर्यंत क्रोमड्रायव्हरचे क्रमांक क्रोमपेक्षा निराळे असत. २.४६ हा ड्रायव्हर क्रोमच्या ७१ ते ७३ या आवृत्त्यांसाठी आहे, हे कोष्टकात पाहूनच कळे. त्यानंतर दोघांचे क्रमांक जुळवले गेले. २०२१ मध्ये क्रोमच्या नव्या आवृत्त्या सहाऐवजी चार आठवड्यांनी येऊ लागल्या आणि ड्रायव्हर बदलण्याचे काम आणखी वाढले. अखेर २०२३ मध्ये गूगलने 'क्रोम फॉर टेस्टिंग' ही चाचणीसाठीची खास जुळणी उपलब्ध केली. ती स्वतःहून अद्ययावत होत नाही आणि तिची हवी ती आवृत्ती ड्रायव्हरसह उतरवता येते.

सेलेनियमने नोव्हेंबर २०२२ मध्ये ४.६ या आवृत्तीबरोबर 'सेलेनियम मॅनेजर' दिला. संगणकावरील ब्राऊझर ओळखून त्याला जुळणारा ड्रायव्हर तो स्वतः आणतो. २०२३ मधील ४.११ पासून तो ब्राऊझरही आणू लागला. सोय मोठी आहे, पण एक सावधगिरी बाळगावी. आवृत्ती नेमून दिली नाही तर तो समोर असलेल्या ब्राऊझरशी जुळवून घेईल आणि आज व उद्या वेगळ्या ब्राऊझरवर चाचणी होऊनही कोणाच्या ध्यानात येणार नाही. पपेटियर आणि प्लेराईट यांचा मार्ग वेगळा. साधनाच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर ब्राऊझरची आवृत्ती ठरलेली असते, त्यामुळे साधन बांधले की ब्राऊझरही बांधला जातो. याउलट डॉकरच्या तयार प्रतिमा वापरताना 'लेटेस्ट' असे नाव देऊन त्या उतरवल्या तर काहीच बांधले जात नाही. तेथे नेमका क्रमांकच लिहावा.

सेटिंग्ज : कोणाचे ऐकायचे?

सेटिंग चार ठिकाणांहून येऊ शकते. साधनाचे स्वतःचे मूळ मूल्य, प्रकल्पातील मांडणीची फाईल, संगणकाच्या वातावरणात ठेवलेले मूल्य आणि साधन चालवताना दिलेली आज्ञा. सर्वसाधारण प्रघात असा की, यांतील नंतरचे आधीच्यावर मात करते. वाद झाला की ही उतरंड आठवावी. 'माझ्या संगणकावर चालते' या प्रसिद्ध वाक्यामागे बहुतेक वेळा कोणीतरी आपल्या संगणकाच्या वातावरणात ठेवलेले आणि कोठेही न नोंदवलेले एखादे मूल्य सापडते.

संकेतस्थळाचा पत्ता प्रत्येक चाचणीत लिहू नये. तो मांडणीत एकदाच द्यावा म्हणजे सरावाच्या आणि प्रत्यक्ष संकेतस्थळावर त्याच चाचण्या चालवता येतात. उलट, परवलीचे शब्द आणि गुप्त किल्ल्या मांडणीच्या फाईलमध्ये कदापि ठेवू नयेत. ती फाईल प्रकल्पाच्या भांडारात जाते आणि तेथील प्रत्येक जुनी प्रत जपली जाते. गुप्त मूल्ये वातावरणातून द्यावीत आणि चाचणीसाठी खऱ्या नागरिकांची माहिती वापरू नये.

सर्वांत दुर्लक्षित पण महत्त्वाची सेटिंग प्रतीक्षेच्या वेळेची. सायप्रेस पडद्यावरील घटकाची मुळात चार सेकंद वाट पाहते. प्लेराईट एका संपूर्ण चाचणीला ३० सेकंद देते. वेबड्रायव्हरच्या मानकात पान उतरण्याची मूळ मर्यादा ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटे आहे. मर्यादा कोणीच ठरवून दिली नाही तर तेच सुस्त पान एका साधनात नापास आणि दुसऱ्यात उत्तीर्ण होते.

चाचणी वारंवार नापास होऊ लागली की प्रतीक्षेची वेळ वाढवून मोकळे होण्याचा मोह अनेकांना होतो. चार सेकंदांचे चाळीस केले की अहवाल हिरवा होतो. परंतु त्या आकड्याचा खरा अर्थ असा की, नागरिकाने चाळीस सेकंद ताटकळणे मान्य झाले. शहरातील वेगवान जोडणीवर जे पान चाळीस सेकंद घेते, ते डोंगराळ भागातील अशक्त नेटवर्कवर उघडेलच असे नाही. म्हणून नागरिकाने किती थांबावे याची मर्यादा वेगळी लिहावी आणि साधनाने किती थांबावे याची वेगळी. क्रोममध्ये संथ जोडणीचे सोंग वठवण्याची सोय आहे. काही चाचण्या मुद्दाम तशा सेटिंगमध्ये चालवल्या तर संकेतस्थळाची खरी कुवत कळते.

मराठी संकेतस्थळाच्या खास गरजा

परदेशात तयार झालेल्या साधनांची मूळ सेटिंग इंग्रजी भाषा गृहीत धरते. मराठी संकेतस्थळ तपासताना चार बाबी स्वतंत्रपणे पाहाव्या लागतात.

पहिली बाब अंकांची. मराठी भाषेची सेटिंग दिली असता सव्वा लाख ही संख्या ब्राऊझर '१,२५,०००' अशी, देवनागरी अंकांत आणि आपल्या पद्धतीच्या स्वल्पविरामांसह दाखवतो. हे भाषाविषयक ज्ञान आयसीयू नावाच्या घटकातून येते. नोडच्या १२ व्या आवृत्तीपर्यंतच्या नेहमीच्या जुळणीत या घटकात केवळ इंग्रजीची माहिती असे. २०१९ मधील १३ व्या आवृत्तीपासून सर्व भाषांची माहिती मुळातच मिळू लागली. अपेक्षित उत्तर जुन्या नोडने तयार केले असेल तर ती संख्या इंग्रजी अंकांत आणि तीन-तीन आकड्यांच्या गटांत येते, ब्राऊझरमधील मराठी संख्येशी जुळत नाही आणि चाचणी नापास होते. संकेतस्थळात दोष शोधत बसलेल्या अभियंत्याला तो सापडणार नाही, कारण दोष अवलंबित घटकाच्या आवृत्तीत आहे.

दुसरी बाब फॉण्टची. चाचणीच्या सर्व्हरवरील आटोपशीर लिनक्स प्रतिमांमध्ये देवनागरी फॉण्ट बहुधा नसतो. पडद्याचे छायाचित्र घेतले तर 'माहूर'च्या जागी रिकाम्या चौकटी उमटतात. मजकूर जुळवणारी चाचणी मात्र उत्तीर्ण होते, कारण तिला अक्षरांचे संकेतांक दिसतात, आकार दिसत नाहीत. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित यांसारखा मुक्त फॉण्ट सर्व्हरच्या जुळणीत नोंदवून ठेवणे हा उपाय. फॉण्ट हेही अवलंबन आहे आणि त्याचीही आवृत्ती असते. विंडोजवर घेतलेले नमुना छायाचित्र लिनक्सवरील छायाचित्राशी ताडू नये. दोहोंची अक्षरे मुळातच वेगळी उमटतात.

तिसरी बाब लेखनाची. 'शेतकऱ्यांचे' या शब्दातील 'ऱ्य' हे जोडाक्षर युनिकोडमध्ये निरनिराळ्या प्रकारे साठवले जाऊ शकते. एका पद्धतीत मराठीचा स्वतंत्र 'ऱ' वापरतात; दुसऱ्या पद्धतीत साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही या दोन पद्धती एक होत नाहीत. त्यामुळे प्रकल्पात कोणती पद्धत पाळायची ते ठरवून, तुलना करण्यापूर्वी सर्व मजकूर त्या पद्धतीत आणणारा नियम लिहावा लागतो. गावांच्या नावांबाबत तर अधिकच काळजी हवी. माहूर हे नाव काही ठिकाणी 'माहुर' असेही लिहिलेले आढळते. एका यादीत दीर्घ आणि दुसरीत ऱ्हस्व असेल तर शोध रिकामा परततो.

चौथी बाब घड्याळाची, आणि आरंभीच्या उदाहरणाचे उत्तर येथे आहे. अर्जातील दिनदर्शिकेत १५ जून निवडली की ब्राऊझर ती 'त्या दिवसाचा आरंभ, भारतीय वेळेनुसार रात्रीचे बारा' अशी धरतो. माहिती पाठवताना आज्ञावली तिचे जागतिक प्रमाणवेळेत रूपांतर करते. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्याने ती १४ जून, सायंकाळी साडेसहा अशी होते. मग वेळेचा भाग छाटला जातो आणि उरते १४ जून. चाचणीचे सर्व्हर मात्र बहुधा जागतिक प्रमाणवेळेवरच चालतात. तेथे रूपांतराने काहीच बदलत नाही, १५ जून ही १५ जूनच राहते आणि चाचणी उत्तीर्ण होते. म्हणजे हा दोष भारतातील प्रत्येक संगणकावर दिसेल, फक्त तो शोधण्यासाठी नेमलेल्या संगणकावर दिसणार नाही.

प्लेराईटमध्ये भाषा आणि कालपट्टा या दोन्ही सेटिंग्ज मांडणीच्या फाईलमध्ये देता येतात. मात्र त्या ब्राऊझरपुरत्या असतात. चाचणी चालवणाऱ्या नोडचे घड्याळ वातावरणातून वेगळे लावावे लागते. सेलेनियमच्या चाचण्यांतही कालपट्टा वातावरणातून देता येतो. आणखी एक बारकावा असा की, भारताच्या कालपट्ट्याचे नाव बदलून 'आशिया/कोलकाता' झाले असले तरी क्रोम बराच काळ 'आशिया/कलकत्ता' हेच जुने नाव सांगत आला, तर फायरफॉक्स नवे. म्हणून चाचणीत नाव ताडण्याऐवजी साडेपाच तासांचे अंतर ताडावे.

किती काळ बांधून ठेवायचे?

आवृत्त्या बांधणे म्हणजे त्या कायमच्या गोठवणे नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या जगात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लॉगफोरजे या घटकात गंभीर सुरक्षादोष उघड झाला, तेव्हा आपल्याकडे तो घटक आहे की नाही हे शोधण्यातच अनेक संस्थांचे दिवस गेले. ज्यांच्याकडे अवलंबित घटकांची नेमकी नोंद होती त्यांना ते लवकर कळले. साधनेही निवृत्त होतात. कधीकाळी लोकप्रिय असलेल्या फँटमजेएसचा विकास २०१८ मध्ये थांबला आणि त्यावर विसंबलेल्यांना चाचण्या नव्याने लिहाव्या लागल्या.

यावर व्यवहार्य मार्ग म्हणजे ठरावीक मुदतीने, उदाहरणार्थ महिन्यातून एकदा, आवृत्त्या वाढवणे. हा बदल संकेतस्थळातील इतर बदलांत मिसळू नये. एका वेळी एकच घटक वाढवावा, सर्व चाचण्या चालवाव्यात आणि काही बिघडल्यास जुन्या कुलूप-फाईलवर परत यावे. कोणत्या बदलाने काय बिघडले, हे त्यामुळे तात्काळ कळते.

लक्षात ठेवण्याजोगे

* कुलूप-फाईल प्रकल्पाच्या भांडारात ठेवावी आणि सर्व्हरवर तिच्याप्रमाणेच साधन बसवावे.
* ब्राऊझर, ड्रायव्हर, नोड किंवा जावा आणि डॉकर प्रतिमा यांचे नेमके क्रमांक लिहावेत.
* प्रत्येक अहवालाच्या माथ्यावर आवृत्त्या, भाषा आणि कालपट्टा आपोआप छापला जाईल अशी व्यवस्था करावी.
* भाषा मराठी, कालपट्टा भारतीय आणि देवनागरी फॉण्ट, हे तिन्ही मांडणीतच नमूद करावेत.
* प्रतीक्षेची वेळ वाढवताना त्याचे कारण फाईलमध्ये लिहावे.
* गुप्त मूल्ये आणि नागरिकांची खरी माहिती मांडणीत ठेवू नये.
* नव्या संगणकावर कोणाचीही मदत न घेता, केवळ लिखित सूचनांवरून साधन उभे राहते का, हे अधूनमधून करून पाहावे.

प्रत्यक्ष उपकरणांची जोड

मांडणी कितीही काटेकोर असली तरी सर्व्हरवरचा ब्राऊझर म्हणजे लोकांच्या हातातील मोबाईल नव्हे. या उणिवेतून एक मोठा उद्योग महाराष्ट्रातच उभा राहिला. मुंबई आयआयटीचे माजी विद्यार्थी रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल यांनी २०११ मध्ये मुंबईत ब्राऊझरस्टॅकची स्थापना केली. निरनिराळे ब्राऊझर आणि प्रत्यक्ष मोबाईल इंटरनेटवरून चाचणीसाठी भाड्याने देणे हे या कंपनीचे काम. २०२१ मध्ये तिचे मूल्यांकन चार अब्ज डॉलरवर पोहोचले. तेथेही सेटिंगचा प्रश्न टळत नाही. कोणता ब्राऊझर, कोणती आवृत्ती, कोणते उपकरण हे मागणाऱ्यालाच मांडणीत लिहून द्यावे लागते. जुन्या, कमी क्षमतेच्या फोनचा त्या यादीत समावेश केला नाही तर ग्रामीण वापरकर्ता चाचणीच्या कक्षेबाहेरच राहतो.

सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्र शासनाची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. संकेतस्थळ सर्वांना वापरता यावे, हा त्यांचा गाभा आहे. तो प्रत्यक्षात उतरला की नाही हे चाचणीच सांगते, आणि चाचणी काय सांगणार हे तिच्या मांडणीवर ठरते.

आरंभीच्या उदाहरणातील दोष दूर करणे मुळीच अवघड नाही. जन्मतारखेला वेळ नसते. ती निव्वळ तारीख म्हणून पाठवली की प्रश्न मिटतो. अवघड होते ते दोष दिसणे. त्यासाठी चाचणीच्या फाईलमध्ये भारतीय कालपट्टा नमूद करणारी एक ओळ लागली असती. ती ओळ लिहिल्यावर पहिल्याच फेरीत चाचणी नापास झाली असती आणि ते नापास होणे कार्यालयातल्या संगणकावरच निभावले असते. ती ओळ राहून गेली म्हणून तीच चाचणी माहूरच्या विद्यार्थ्याला द्यावी लागली, आणि त्यात त्याचे शिष्यवृत्तीचे वर्ष गेले.